पिशवी पाटसला, आई दौंडला

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं छोटं दुकान आहे. मोबाइलची कव्हरं, चार्जर, हेडफोन, पॉवर बँका असं सगळं छताला इतकं लटकवलंय की गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या डोक्याला वायर लागते आणि मग कानाला माझा आवाज. मला बोलायला आवडतं. माल विकणं ही त्यानंतरची आवड. कुणी नुसतं गाडीची वेळ विचारायला डोकावलं तरी मी त्याला तसं सोडत नाही. पॉवर बँक घरून भरून न्या, पण गाडीत बसल्या बसल्या लावू नका, फोन निम्म्याच्या खाली आला की लावा. आडरानात रेंज नसली की फोन टॉवर शोधून शोधून दमतो, तेवढा वेळ त्याला फ्लाइट मोडवर टाकून झोपवा. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. आणि एक नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोन बंद पडला की माणसाला स्वतःच्या बायकोचाही नंबर आठवत नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा थांबून, मान खाली घालून म्हणतो. तिथं लोक हसतात. बायको दुकानात असली तर तीही हसते, पण तिचं हसणं वेगळं असतं.

असा हा प्रवासाचा जाणकार स्वतः शिरूरच्या बाहेर फारसा पडत नाही. आमच्या घरात खरा प्रवास करणारं माणूस एकच, ते म्हणजे आई.

आईची सत्तरी उलटलीय. महिन्यातून एकदा ती दौंडला जाते, एक मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. दौंडला रेल्वे कॉलनीत माझी मावशी असते. मावशीचे यजमान रेल्वेत होते, आता मुलगा रेल्वेत आहे, त्यामुळे क्वार्टर बदलली तरी कॉलनी तीच राहिली. मावशी आईपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिची नजर आता जवळजवळ गेलीय. आई जाते ती तिला न्हाऊ घालायला. डोक्यावरून पाणी घालायचं, केस उन्हात वाळवायचे, तेल लावायचं, वेणी घालायची. मावशीची सून चांगली आहे, तीही हे करेल, पण मावशी तिला डोक्याला हात लावू देत नाही. लहानपणी त्यांची आई लवकर गेली तेव्हा आईची वेणी मावशीच घालायची. आता हिशेब उलटा फिरलाय, एवढंच. दोघी त्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. वेणी चालू असताना त्या बोलतात ते शेजारणींबद्दल.

शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे बारामतीच्या एसटीत बसायचं, न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरायचं आणि तिथून पाटसमार्गे दौंडला जाणारी वडापची, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी, जीप धरायची. आईनं हे वर्षानुवर्षं केलं. पण गेल्या दिवाळीनंतर एकदा गाडीत तिचा डोळा लागला. चौफुला आला आणि गेला. जाग आली तेव्हा गाडी सुप्यात उभी होती. ती उतरली, एका हॉटेलच्या बाकड्यावर बसली, चहा घेतला आणि परतीच्या गाडीची वाट बघत राहिली. इकडं आम्ही तिला फोन लावत होतो. फोन बंद. आई फोन बंदच ठेवते, चार्जिंग पुरवून पुरवून वापरावं म्हणून. कुणाशी बोलायचं असलं की चालू करायचा, बोलायचं आणि परत बंद करून पदरात बांधायचा. दिवे लागायच्या वेळेला ती दौंडला पोचली तोवर माझ्या थोरल्या भावानं तीन पोलीस चौक्यांची माहिती काढून ठेवली होती.

दादा कारेगावला राहतो, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, तिथं सेफ्टीचं काम बघतो. तो दूध आणायला जातानाही हेल्मेट घालतो. पुढच्या गुरुवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो शिरूरला आला, आईसमोर बसला आणि म्हणाला की आता एकटीनं जायचं नाही, कुणी सोबत असेल तरच जायचं. आवाज चढवला नाही. पण सोबत कोण जाणार? त्याची कंपनी, माझं दुकान, सुनांची कामं, नातवंडांच्या शाळा. ‘सोबत असेल तर’ याचा अर्थ काय होतो ते आम्हा सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांत आधी आईला कळलं. संध्याकाळी तिनं दौंडला नेसायचं जांभळं लुगडं घडी करून ट्रंकेच्या तळाला ठेवलं. वर रजया रचल्या.

ते मला बघवलं नाही. मी दादाला म्हणालो, मला दोन महिने दे. आई एकटी जाईल आणि तरी तुला कायम कळेल ती कुठं आहे. आजच्या काळात हे काही अवघड नाही, मी रोज दहा लोकांना हेच समजावून सांगतो. दादानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “एक फेरी. त्यात गडबड झाली तर परत हा विषय काढायचा नाही. तूही नाही, आईनंही नाही.”

झालं. दुकानातला सगळा माल आईच्या पायाशी हजर झाला.

आधी मानेची उशी. गाडीत झोप लागते ना, मग मान अवघडू नये. घोड्याच्या नालाच्या आकाराची, निळी, मऊ. मी स्वतःच्या गळ्यात घालून, डोळे मिटून, घोरून दाखवलं. आईनं ती हातात घेतली, दाबून बघितली, म्हणाली चांगली हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आई नळाकडून येतेय, डोक्यावर हंडा आणि हंड्याखाली चुंबळ म्हणून माझी निळी उशी. तिनं सांगितलं की इतकी मऊ चुंबळ तिला आयुष्यात मिळाली नव्हती.

मग पॉवर बँक. ती कशी लावायची हे आईला एका झटक्यात कळलं, कारण ती हुशार आहे. पण वापरली की संपते हेही तिला कळलं. म्हणून तिनं ती एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून पितळेच्या डब्यात ठेवून दिली, अडीअडचणीला असू दे म्हणून. ती अजूनही तिथं आहे. पूर्ण भरलेली असावी.

शेवटी मी माझा हुकमाचा पत्ता काढला. चकती. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पांढरी. लोक ती किल्लीला लावतात, बॅगेत टाकतात. तिच्यात सिमकार्ड नसतं. तिला स्वतःला आपण कुठं आहोत ते कळतही नाही. आजूबाजूला ज्यांचे फोन असतील त्यांना ती हळूच खूण करते आणि ते फोन, त्यांच्या मालकांना पत्ता न लागता, मला कळवतात. माणसं असतील तिथं ती सापडते. माळरानात एकटी पडली तर मुकी होते. हे मी आईला नीट समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या सामानात अशी वस्तू गुपचूप टाकू नये, सांगूनच टाकावी, असं मी गिऱ्हाइकांनाही बजावतो. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, “म्हंजी ही ज्या पिशवीत आसंल ती पिशवी आता हरवणार न्हाई?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “जगाच्या पाठीवर कुठंही जाऊ दे.”

आई समाधानानं मान हलवत राहिली. मला वाटलं, पटलं. बायकोनं तिच्या पिवळ्या कापडी पिशवीच्या अस्तरात चकती शिवून टाकली. ट्रंकेच्या तळातून जांभळं लुगडं वर आलं.

परीक्षेचा दिवस गुरुवार ठरला. सकाळी मी आईला गाडीत बसवलं. पिशवीत मावशीसाठी शेंगदाण्याची चटणी, शिकेकाई, खोबरेल तेलाची बाटली. दहाच्या सुमारास दादा दुकानात आला. हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि हाताची घडी घालून स्टुलावर बसला. मी फोन त्याच्यासमोर उभा करून ठेवला. नकाशावर हिरवा ठिपका न्हावऱ्यात दिसत होता. मी नुसता त्या ठिपक्याकडं हात केला, जादूगार करतो तसा. मग ठिपका चौफुल्याला. तिथं जरा थांबला आणि पाटसकडं निघाला. म्हणजे आई वेळेवर उतरली, जीप मिळाली, सगळं बरोबर. मी दादासाठी चहा मागवला, स्पेशल.

पाटसला ठिपका थांबला.

पाच मिनिटं थांबला, तेव्हा मी म्हणालो की जीपवाले सीटा भरायला थांबतात. वीस मिनिटं झाली तेव्हा म्हणालो, उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला असेल, कारखान्याचा सीझन आहे. पाऊण तास झाला तेव्हा माझ्याकडं म्हणायला काही उरलं नाही. ठिपका रस्त्यावर नव्हताच. तो साखर कारखान्याच्या बाजूला, आत, वस्तीत होता. पाटसला आमचं कुणी राहत नाही, निदान माझ्या माहितीत तरी. आईचा फोन बंद. मावशीच्या मुलाला लावला, तो ड्युटीवर, उचलला नाही. सुनेला लावला, नुसती रिंग. परत लावला, परत नुसती रिंग. मग ठिपक्याखाली अक्षरं आली की चकती शेवटची दिसली त्याला चाळीस मिनिटं झाली.

दादानं हेल्मेट उचललं. दुसरं एक हेल्मेट त्याच्या गाडीला कायम अडकवलेलं असतं, ते माझ्या हातात दिलं. चल एवढंच म्हणाला.

हेल्मेट घातलं की बोलणाऱ्या माणसाची फार पंचाईत होते. मी मागं बसून आतल्या आत बोलत राहिलो आणि माझंच बोलणं मला घुमून ऐकू येत राहिलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दादाचं जर्किन. पुढं उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओलांडावं तर समोरून बैलगाड्या. दादा एरवी चाळीसच्या वर गाडी नेत नाही. त्या दिवशी किती होती ते मी बघितलं नाही. पारगावच्या पुलावर उसाची रांग अडली तेव्हा त्याला थांबावं लागलं. खाली भीमेचं पाणी संथ होतं. दादानं हेल्मेटची काच वर केली आणि मागं न बघता म्हणाला, “तिच्याबरोबर दौंडला मी शेवटचा बारावीत असताना गेलो होतो.”

मीही बारावीनंतर तिच्याबरोबर गेलो नव्हतो, आणि माझं दुकान स्टँडसमोर आहे.

पाटसजवळ आलो तसा मळीचा वास यायला लागला आणि ठिपका पुन्हा जिवंत झाला. त्याच जागी. कारखान्यामागं खोल्यांची लांब चाळ होती, एकासारखं एक दार. एवढ्या जवळ आलं की नकाशाला दार कळत नाही, तो नुसता या बाजूला, त्या बाजूला असं करत राहतो. तेव्हा मला आठवलं की चकतीला आवाज करायला लावता येतो. मी बटण दाबलं. आम्ही दोघं, पन्नाशीला टेकलेले, डोक्यात हेल्मेट, बोळात उभे राहून कान देऊन ऐकायला लागलो. हेल्मेट काढल्यावर ऐकू आलं. बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज, पलीकडून चौथ्या दारातून. पाठोपाठ आतून एक बाई बाहेर आली. तिच्या एका हातात आईची पिवळी पिशवी, अंगापासून लांब धरलेली, आणि दुसऱ्या हातात केरसुणी. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि केरसुणी उगारून वाट बघत उभी राहिली.

तिनं आमच्याकडं बघितलं. दोन अनोळखी पुरुष एका पिशवीकडं टक लावून बघतायत, हे तिला दिसलं. मग तिचा चेहरा बदलला.

“आगं बया, आत्याची पोरं न्हवं का तुम्ही?” ती म्हणाली. “जय भीम दादा. बरं झालं आला. ह्या पिशवीत चिचुंद्री शिरलीय.”

“आई कुठाय?” दादानं विचारलं. जय भीम घालायचंही त्याला सुचलं नाही.

“आत्या? आत्या दौंडला. आन् कुठं?”

ती आईच्या माहेरच्या गावची, नात्यानं आमची मामेबहीण लागते. तिचा नवरा कारखान्यात सीझनला कामाला असतो. झालं होतं ते असं. सकाळी चौफुल्याला ती माहेरहून येऊन उभी होती, हातात हरभऱ्याची, बाजरीची बोजड पिशवी. आईही तिथंच उतरली. दोघी एकाच जीपमध्ये बसल्या. पाटसला उतरताना हिच्या पिशवीचे बंद तुटले आणि निम्मी बाजरी जीपमध्ये सांडली. आईनं क्षणाचाही विचार केला नाही. आपली चटणी, शिकेकाई, तेलाची बाटली पदरात घेतली आणि पिवळी पिशवी रिकामी करून हिच्या हातात दिली. जीप पुढं दौंडला गेली. जीपवाला याच चाळीतला. परतीच्या फेरीला त्यानं हॉर्न वाजवून हिला सांगितलं होतं की आजीला पार कॉलनीच्या गेटापाशी सोडलं, चटणीचा डबा गाडीत राहिला होता तो मागं पळत जाऊन दिला.

म्हणजे आई कुठं आहे हे पाटसच्या या बाईला ठाऊक होतं, जीपवाल्याला ठाऊक होतं, बहुतेक सगळ्या चाळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नकाशा हातात घेऊन आलेल्या आम्हा दोघांना. मी तिला विचारलं, तुझ्या फोनवर काही आलं नाही का, की एक अनोळखी चकती तुझ्याबरोबर फिरतेय असं? आलं होतं म्हणाली, पण तिला वाटलं रिचार्जची स्कीम आहे, तिनं पुसून टाकलं.

दादाला लगेच निघायचं होतं. तो पिशवी उचलायला गेला तशी तिनं पिशवी मागं ओढली. “आसं कसं? मोकळी पिशवी पाठवू व्हय आत्याला?”

आमच्याकडं पिशवी मोकळी परत जात नाही. हे दादालाही माहीत आहे, त्यामुळं तो वाद घालू शकला नाही. ती आत गेली. आम्ही ओट्यावर बसलो. पिशवीत हरभऱ्याचा डहाळा भरला गेला, वर गुऱ्हाळातली गुळाची लहान ढेप कागदात बांधून आली, मग चहा आला. दादानं मांडीवर हेल्मेट ठेवून चहा प्यायला. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. जाताना त्यानं तिला स्वतःहून जय भीम घातला आणि तुटक्या बंदांची पिशवी बघायला मागितली. शिवून देतो म्हणाला. ती हसायला लागली.

दौंडला कॉलनीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनवरची घोषणा वाऱ्याबरोबर येत होती आणि जात होती. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आत सुनेचा फोन चार्जिंगला लावलेला आणि माणसं सगळी मागच्या अंगणात. आई पायरीवर बसलेली, खाली पोत्यावर मावशी, तिचे पांढरे केस पाठीवर मोकळे. शेजारी तेलाची वाटी. सून दोरीवर कपडे घालत होती.

आमच्याकडं आधी लक्ष गेलं ते मावशीचं. तिला दिसत नाही, पण दादाचे कंपनीचे बूट तिनं ओळखले. “थोरल्याचं पाय हायेत हे,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “आन् मागं धाकटा. दोघं आलेत. म्हंजी तुला न्यायलाच आलेत गं.”

आईचा हात केसात थांबला. तिनं वर बघितलं, दादाकडं, मग माझ्याकडं. काय चुकलं ते तिला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलंय आणि आता काय होणार हे कळलं होतं. मला वाटलं ती विनवेल, किंवा चिडेल. तिनं मावशीच्या केसांचे तीन पेड केले आणि म्हणाली, “येणी आर्धी झालीय. पुरी व्हऊ द्या. मंग काय ते बोला.”

दादा तसाच उभा राहिला. सून पाणी आणायला आत गेली. आई वेणी घालत होती, पण एरवीपेक्षा सावकाश. एक पेड घेतला की तो बोटांनी सारखा करायचा, मग दुसरा. मावशीनं मान अगदी स्थिर धरली होती. ही वेणी संपली की ते बोलणं सुरू होणार, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. दादानं बूट काढले आणि तो पायरीच्या कडेला, आईच्या खालच्या बाजूला बसला.

वेणीला फीत बांधून झाल्यावर त्यानं विचारलं, “आई, पिशवी का दिलीस?”

“तिची तुटली म्हनून.”

“त्यात चकती होती ना? यानं सांगितलं नव्हतं का तुला?”

“सांगितलं की. त्योच म्हनला, ही पिशवी आता हरवत न्हाई, जगाच्या पाठीवर कुठंबी जाऊ दे.” आईनं माझ्याकडं बोट केलं. “म्हनून तर बिनघोर दिली. न्हाई तर जुनी पिशवी मी देते व्हय कुनाला? घावली का न्हाई तुम्हाला?”

पिशवी दादाच्या हातातच होती. डहाळा वरून डोकावत होता. सापडली नाही असं म्हणायची सोय नव्हती.

“सापडली,” तो म्हणाला.

“मंग? तुम्ही मला हुडकीत व्हता का पिशवीला?”

मावशी हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली. दादाला हसू आलं नाही. तो पिशवीकडं बघत बसला. मग आईच सांगायला लागली, समजूत काढल्यासारखी. सुप्याचं झालं तेव्हापासून ती खिडकीशी बसत नाही, कंडक्टरच्या शेजारी बसते. तो दर फाट्याला विचारतो, आजी जाग्या हाय का. चौफुल्याला तो स्वतः खाली उतरून तिला उतरवतो. हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

“घाबरलो होतो आई,” दादा म्हणाला. एवढंच म्हणाला. तो हे असं मोकळेपणानं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

आईनं तेलाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तसाच थोडा वेळ ठेवला. त्याचे केस फारसे उरलेले नाहीत, तेल उगाच चमकलं.

मग दादानं खिशातून घडीचा चाकू काढला, पिशवीच्या अस्तराचे टाके उसवले आणि चकती तळहातावर घेतली. तिच्याकडं बघत विचारलं, “तुझ्याजवळची अशी कुठली वस्तू आहे, जी कुणालाच देत नाहीस?”

आई विचारात पडली. तिला आठवेना. शाल तिनं दिलीय, छत्री दिलीय, एकदा पायातली चप्पल देऊन अनवाणी घरी आलीय. उत्तर मावशीनं दिलं.

“चंची,” मावशी म्हणाली. “मी मागितली तरी पान काढून देती. चंची न्हाई देत हातात.”

आईचा हात आपोआप कमरेला गेला. तिची चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी गुंडाळी, पान, सुपारी, चुना, तंबाखू, वर दोरी. मी लहान असल्यापासून बघतोय. कापड दोनदा बदललं असेल, पण तिला कुणी हात लावलेला नाही. आंघोळीला जाताना ती उशाखाली जाते आणि बाहेर आल्यावर परत कमरेला.

“चंचीला हात लावायचा न्हाई,” आई म्हणाली.

“मी लावत नाही,” दादा म्हणाला. “तूच धर.”

स्टेशनवर कुठलीतरी डेमू गाडी लागल्याचं सांगितलं गेलं. मग आईनं चंची काढली, मांडीवर उलगडली. चुन्याच्या शेजारी नको म्हणाली, सुपारीच्या कप्प्यात ठीव. दादानं चकती आत सरकवली. सुनेनं सुई-दोरा आणून दिला आणि कप्प्याच्या तोंडाला त्यानं चार टाके घातले, जाडेभरडे, पण घट्ट. तेवढा सगळा वेळ आईनं चंचीचं दुसरं टोक सोडलं नाही. टाके झाल्यावर तिनं ती गुंडाळली, दोरी बांधली, कमरेला खोचली. आणि एवढं दिलं तर आपणही काही मागून घ्यावं असं तिला वाटलं असावं, कारण ती म्हणाली, “उद्याच्याला येनार म्हनले व्हते मी. आजची न्हवं.”

“उद्या ये,” दादा म्हणाला. “पुढच्या महिन्यातही जा.” मग बूट घालता घालता, “तेव्हा मीपण येईन म्हणतो. सोबत म्हणून नाही. मावशीकडं.”

आम्ही दोघंच परत निघालो. पिवळी पिशवी आईकडं राहिली. आता ती दौंडहून भरून यायची होती.

तेव्हापासून दुकानात प्रवासाची वस्तू मागायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न बदललाय. कुठं चाललात ते मी नंतर विचारतो. आधी विचारतो की तुमच्या हातून कुठली वस्तू सुटत नाही. लोक गोंधळतात. मग कुणी म्हणतं चष्म्याची केस, कुणी म्हणतं टोपी. एका आप्पांनी पंधरा मिनिटं विचार करून सांगितलं की काठी. मग काठीला लावा म्हणालो. बॅगेचं काय, बॅग कुणालाही दिली जाते.

आज गुरुवार नाही, तरी आई दौंडला गेलीय, मावशीला बरं नाही म्हणून. हे लिहिताना फोन समोर ठेवलाय. मघाशी दादाचा कंपनीतून फोन आला. ठिपका आता त्याच्याही फोनवर दिसतो.

“ठिपका चौफुल्याला आहे,” तो म्हणाला.

“दिसतोय,” मी म्हणालो.

“पंचवीस मिनिटं झाली.”

त्याच्या मागं मशीनचा आवाज येत होता. मग तोच म्हणाला, “कुणीतरी भेटलं असेल.”

“भेटलं असेल,” मी म्हणालो.

फोन त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तो तिकडं बघत राहिला, मी इकडं, आणि बऱ्याच वेळानं ठिपका पाटसच्या बाजूला हलला.